भाऊ मयेकरांचा मुहूर्त

भाऊ मयेकरांच्या घरी चहाचा कप कधीही भरून मिळत नाही. अर्धाच मिळतो. पाहुणा फारच लाडका असेल तर अर्ध्याच्या वर बोटभर. मी लग्न होऊन लालबागच्या आमच्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मयेकरांकडून चहाचं बोलावणं आलं. परत आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, कोकणातली माणसं हात राखून असतात हे ऐकलं होतं, पण म्हणजे इतकी?"

नवरा म्हणाला, "तसं नाही गं. कप भरला की बोट कलल्यावर चहा सांडतो, म्हणून."

"बोट? त्यांच्याकडे बोट आहे?"

"अजून नाही. घेणार आहेत."

आता बोला! ज्या माणसाकडे बोट नाही, तो बोट कलेल म्हणून चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत अर्धा कप चहा देतो. मी मनात म्हटलं, शेजार चांगला मिळालाय, देवा.

मी घाटावरची. कराडच्या बाजूची. आमच्याकडे पाणी विहिरीत असावं, फार तर कृष्णामाईत असावं आणि आपण काठावर असावं. त्यामुळे या माणसाचं मला सुरुवातीला हसू यायचं, मग राग यायचा, आणि आता इतक्या वर्षांनी काय येतं ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसले आहे.

भाऊ गोदीत जहाजदुरुस्तीच्या कामावर फोरमन. बुटका, काळा, हाताची बोटं दोरखंडासारखी. मुलूख मालवणकडचा. घरात त्यांनी प्रत्येक फळीला पुढून चार बोटांची पट्टी ठोकली होती, डबे घसरू नयेत म्हणून. कप हुकांना टांगलेले. स्टोव्ह छतापासून साखळ्यांनी लोंबकळणारा, आणि त्यावर कुंदावहिनी, म्हणजे भाऊंची बायको, गपगुमान माशाची आमटी करायच्या. जमिनीवर एक वस्तू दिसेल तर शपथ. "वस्तू काळोखात हात घातल्यार गावाक होयी," हे भाऊंचं एक वाक्य. दुसरं, "भरलेलो कप म्हणजे सांडलेलो कप." ही दोन वाक्यं ते कुठेही वापरायचे. चाळीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून भांडण पेटलं की भाऊ उठून म्हणायचे, "भरलेलो कप..." आणि लोक म्हणायचे, "भाऊ, बसा."

मी एकदा वहिनींना विचारलं, "तुम्हाला या सगळ्याचा वैताग नाही का येत?" त्या म्हणाल्या, "नाय गो. येवढ्याशा खोलीत तीन माणसां. बोट असो नायतर चाळ, एकमेकांच्या अंगार न पडता वळाक शिकला, की संसार झालो." मला माझ्या सासूबाई आठवल्या आणि मी विषय बदलला.

आणि मग खरंच बोट आली. एक गोरं म्हातारं जोडपं जगभर फिरता फिरता मुंबईपर्यंत पोचलं आणि इथे त्यांची शिडाची बोट खडकावर बसली. बोट सोडून ते विमानाने घरी गेले. ती फुटकी बोट गोदीच्या कोपऱ्यात पडून होती, ती भाऊंनी मागून घेतली. पुढची कित्येक वर्षं या माणसाला रविवार असा नव्हताच. इकडे रविवारी आमच्या चाळीत मटणाचे वास सुटायचे आणि भाऊ डबा घेऊन बोट जोडायला जायचे. सोबत वहिनी आणि पाठोपाठ त्यांची लहानगी लेक मुक्ता, हातात रंगाचा डबा घेऊन. शिडं वहिनींनी घरच्या पायमशीनवर शिवली. अख्ख्या गॅलरीभर ते पांढरं कापड पसरायचं आणि आम्ही बायका त्याच्या कडेकडेने चालायचो.

बोटीचं नाव काय ठेवावं माणसाने? भाऊंनी ठेवलं 'चाकरमानी'. मुंबईत राबायचं आणि सुट्टी मिळाली की कोकणात पळायचं, म्हणून चाकरमानी. नारळी पौर्णिमेला नारळ देऊन त्यांनी ती पाण्यात सोडली, तेव्हा चाळीतले झाडून सगळे बघायला गेलो होतो. निम्मे लोक ती बुडताना बघायला आले होते, त्यात मीही होते. ती बुडाली नाही. शीड वर चढलं, वाऱ्याने भरलं, बोट एका अंगावर कलली आणि आवाज न करता निघून गेली. मी तोंडाला पदर लावून उभी. आमच्या चाळीतली मशीनवर शिवलेली शिडं ती, अन् चालली होती समुद्रातून!

त्यानंतर दर हिवाळ्यात मयेकर मंडळी सुट्टी साठवून बोटीवर राहायला जायची. एका वर्षी तर भाऊंनी कहर केला. मुक्ता पाचवीत होती, ते अख्खं वर्ष तिला शाळेतून काढून तिघं निघाले. दसऱ्यानंतर निघायचं, कोचीपर्यंत किनाऱ्याने जायचं, आणि पाऊस लागायच्या आत परत. मी तिच्याच शाळेत शिकवत होते. तावातावाने भांडायला गेले. म्हटलं, "भाऊ, पोरीचं वर्ष फुकट घालवताय."

"मास्तरीणबाई," भाऊ म्हणाले, "दर्या काय सुट्टीवर आसा? तो पण शिकयताच."

मे महिन्यात तिघं परत आले ते कोळशासारखे काळे होऊन. मी मुक्ताला बसवून परीक्षाच घेतली. म्हटलं, सांग, खारे वारे आणि मतलई वारे यांत फरक काय? वर्गातली पोरं हे घडाघडा पाठ म्हणायची. मुक्ता डोळे मिटून म्हणाली, "काकू, मतलई वारा पहाटे जमिनीवरून येतो. त्याला गवताचा आणि चुलीच्या धुराचा वास येतो. तो आला की आई उठायची आणि म्हणायची, बघ, कुणीतरी भाकऱ्या भाजतंय. खारा वारा दुपारी येतो. तो आला की आमचे कपडे वाळायचेच नाहीत." मी तिला दहापैकी दहा दिले.

त्या वर्षातल्या गोष्टी वहिनी अधूनमधून सांगायच्या. त्या सांगायच्या तरी कशा? नळाला पाणी आलं नाही हे सांगावं तशा. एकदा मला म्हणाल्या, "देवगडाच्या बाहेर वादळ गावला. शीड फाटला. हे सुकाणू धरून रात्रभर. मी आणि ह्यांनी एकमेकांक दोरीन बांधून घेतलाव, एक पडलो तर दुसऱ्यान ओढूचो म्हणून. आमचा चेडू, मुक्ता, खाली झोपलेला. सकाळी वादळ गेला. मगे मी पेज केली." आणि मग मला विचारलं, "तुमच्याकडे कोथिंबीर आसा?"

मी कोथिंबीर दिली. आम्ही नवराबायको साधी गावची एसटी पकडायची तर तीनदा भांडायचो, आणि ही दोघं एकमेकांना दोरीने बांधून घेऊन वादळातून आली होती.

असो. मुक्ता मोठी झाली. शिकली, लोअर परळला काचेच्या एका उंच बिल्डिंगमध्ये ऑडिटचं काम करायला लागली. शनिवार-रविवार वडिलांबरोबर बोटीवर. वहिनींची गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्यांचं बोटीवर जाणं बंद झालं. तेव्हापासून बोटीवर दोघंच, बाप आणि लेक. मुक्ता तिशीला आली आणि माझ्या जिवाला घोर लागला. कारण मला एक छंद आहे. लग्नं जुळवणं. आमच्या चाळीतली कितीतरी लग्नं माझ्या खात्यावर आहेत, आणि त्यातली बहुतेक टिकलेली आहेत.

मी वहिनींना विचारलं, त्या म्हणाल्या, बघा. मुक्ताला विचारलं, ती हसून म्हणाली, बघा काकू. भाऊंना विचारलं, तर भाऊंनी एक अट घातली. कांदेपोह्यांचा कार्यक्रम बोटीवर होणार. आणि पोह्यांचा ट्रे मुलगी आणणार नाही. मुलगा आणणार.

"का?" मी किंचाळलेच.

"मुलगी सुकाणूवर असतली ना! तां सोडून पोहे देईत तर बोट जायत खडकार." आणि वर म्हणाले, "बाई, घरात सोफ्यार बसलेलो माणूस कळणा नाय. बोटीर पाच मिनटांत कळता."

पहिलं स्थळ मी आणलं ते दादरचं. दातांचा डॉक्टर, गोरापान, पांढरे बूट घालून आला. आई पैठणीत. भाऊच्या धक्क्यावर सुक्या बोंबलाचा वास सुटलेला, त्यात त्या माऊलीने नाकाला रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. होडीत बसायलाही त्यांनी साफ नकार दिला. त्यांना वहिनींजवळ छत्रीखाली बसवलं आणि आम्ही होडीतून 'चाकरमानी'वर गेलो. दुपारचे तीन वाजलेले. बाहेर पडलो मात्र, आणि काय तो वारा, काय त्या लाटा! बोट अशी कलली की माझा एक पाय वर आणि एक खाली. मी देवाचं नाव घेत दोरी धरून बसले. डॉक्टर ट्रे आणायला खालच्या खोलीत उतरले ते वर आलेच नाहीत. आतून त्यांचा आवाज तेवढा येत होता, तो मी इथे लिहीत नाही. पोहे सगळे भिंतीवर. मुक्ता मात्र सुकाणूच्या दांड्याला पाय लावून उभी होती, केस उडत होते, आणि एक लाट आली की ती आधीच तिकडे झुकलेली असायची. भाऊ दोरी ओढायचे ते तिच्याकडे न बघता. ती काही बोलायची नाही, तेही बोलायचे नाहीत. हे इकडे वळले की ती तिकडे सरायची, आणि एवढं मोठं शीड डोक्यावरून कडाड करून या अंगाचं त्या अंगाला जायचं. इतक्या भीतीतही मी बघतच राहिले. असं माझं माझ्या कुठल्याच माणसाशी कधी जमलेलं नाही.

दुसरा आला तो पोहण्यात बक्षिसं मिळवलेला. म्हटलं, हा टिकेल. हा टिकला खरा, पण तोंडाने. बोटीवर पाय ठेवल्यापासून मुक्ताला सांगत होता, असं धर, तसं वळव. मग एक लाट थेट तोंडावर आली. तिसऱ्याने ट्रे वरपर्यंत आणला आणि ट्रेसकट माझ्या मांडीवर बसला.

तिसऱ्यानंतर माझा पारा चढला. तरातरा वहिनींकडे गेले. त्या विळीवर बसून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, फोडत होत्या. म्हटलं, "वहिनी, आता पुरे. मी माझ्या घराण्याची अब्रू पणाला लावून स्थळं आणते आणि दरवेळी समुद्र खवळलेला! नशीबच खोटं पोरीचं."

वहिनींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "बाई, तुमी तिथी बगलात?"

"कसली तिथी?"

"ह्यांनी दिलेले दिस. बगा कॅलेंडरात."

भिंतीवर कॅलेंडर होतं. मी पानं उलटून बघितली. डॉक्टर आला तो दिवस पौर्णिमा. पोहणारा आला ती अमावस्या. तेव्हा मी म्हटलंही होतं, अहो, अमावस्येला कुणी मुलगी दाखवतं का? तर भाऊ म्हणाले होते, दिवसाढवळ्या भूत दिसणार हा काय? मला वाटलं, माणूस सुधारक आहे. तिसरा पुन्हा पौर्णिमेला.

"उधानाचे दिस," वहिनी म्हणाल्या. "पुनव-अमावास्येक दुपारी भरती भरता आणि मगे जोरात ओहोटी लागता. त्याच टायमाक दुपारचो वारो सुटता. पाणी आणि वारो एकमेकांच्या अंगार. बंदराच्या तोंडार पाणी उकळता. त्या टायमाक माझो घोव दुसऱ्यांका सांगता, जाव नको म्हणून."

म्हणजे हा माणूस मुद्दाम, पंचांग बघून, माझी स्थळं बुडवत होता!

भाऊ गॅलरीत दोरीची टोकं विणत बसले होते. मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. फसवणूक म्हटलं, दगाबाजी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ हात न थांबवता ऐकत होते. मी दमले तेव्हा ते हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई, बोटीक चार हात लागतत."

मी कंबरेवरचे हात खाली घेतले.

"हिची ढोपरां गेली. आता मी आणि चेडू. तां लगीन करून गेला, की बोट धक्क्याक बांधून ठेवची लागतली. एकट्यान नाय जमूचा. वय झाला." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका दुसरा काय येणा नाय हो."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. पण मी मास्तरीण आहे, मला शेवटचा शब्द लागतो. मी म्हटलं, "म्हणून पोरीला बांधून ठेवणार का, भाऊ?"

त्यांचे हात थांबले. एवढंच.

संध्याकाळी मुक्ता कामावरून आली तेव्हा मी तिला जिन्यातच गाठलं. सगळं सांगितलं. मला वाटलं, पोर चिडेल, रडेल. ती पायरीवर बसली आणि मोठ्याने हसली. "काकू, मी लहानपणापासून वाऱ्यात वाढले. मला तिथी कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, मूर्ख मुली?"

"त्यातला एक जरी आवडला असता तरी बोलले असते." मग म्हणाली, "आता बोलायचंय. पण बाबांच्या तोंडाकडे बघितलं की जीभ उचलत नाही."

तर एक मुलगा होता. मेल्विन. गिरगावातल्या एका जुन्या वाडीतला, ख्रिश्चन, मुंबईचाच पिढ्यान्पिढ्यांचा. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. मराठी आपल्यापेक्षा गोड बोलतो. मी मनात म्हटलं, आली का पंचाईत. आमच्या चाळीत आता तिसऱ्या मजल्यापासून पहिल्या मजल्यापर्यंत मिटिंगा भरणार. आणि तशा त्या भरल्याही. फक्त मयेकरांच्या घरात भरली नाही. मुक्ताने मला शेजारी बसवून घरी सांगून टाकलं. वहिनींनी एकच विचारलं, "मासे खाता मा?" खातो म्हटल्यावर त्यांचा विषय संपला.

भाऊंनी विचारलं, "पोवाक येता?"

"नाही, बाबा."

"बोट लागता?"

"बाबा, त्याला बससुद्धा लागते."

मी तिथेच बसले होते. भाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता हा देवमाणूस त्या गरीब मुलाला उधाणात नेऊन मारणार. ते उठले, कॅलेंडरापाशी गेले आणि बोट तारखांवरून फिरवायला लागले. येत्या आठवड्यातच पौर्णिमा होती. बोट पौर्णिमेवर आलं. तिथे थांबलं. वहिनी स्टोव्हपाशी डाव हातात घेऊन उभ्या. मुक्ता जमिनीकडे बघत होती.

बोट पुढे सरकलं. आठ घरं पुढे.

"अष्टमी," भाऊ म्हणाले. "सकाळी सात."

मला समुद्रातलं काडीचं कळत नाही. पण वहिनींनी डाव खाली ठेवला आणि पदराने डोळे टिपले, तेव्हा मला ते कळलं. अष्टमीला पाणी मवाळ असतं. आणि सकाळी दुपारचा वारा नसतो. भाऊंनी त्या पोराला वर्षातला सगळ्यात शांत समुद्र दिला होता.

त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, मीही येणार. कुणी नाही म्हणायची सोय नव्हती. होडीतून बोटीवर चढायची शिडी त्यांना झेपेना, तर बापलेकीने एका फळीला दोऱ्या बांधून पाळणा केला, डोलकाठीवरच्या कप्पीतून दोर घेतला आणि वहिनींना अलगद उचलून बोटीवर घेतलं. मांडीवर पोह्यांचा डबा, चेहऱ्यावर काहीच नाही, अशा त्या हवेतून आल्या. भाऊंनी दोर ढिला सोडताना एकदाही बायकोवरची नजर काढली नाही. मेल्विन आ वासून बघत होता. बिचारा लाइफजॅकेटमध्ये पोपटासारखा दिसत होता आणि बोट अजून बांधलेलीच असताना त्याचा रंग उतरायला लागला होता.

भाऊंनी इंजिन सुरू केलं. एका दमात सुरू झालं. त्या इंजिनाचा त्यांना भारी अभिमान. गोदीतल्या लोकांनी भंगारात काढलेलं, भाऊंनी नवीन केलेलं. त्याला कुणी जुनं म्हटलेलंही त्यांना खपत नाही. बाहेर मोकळ्या पाण्यात आल्यावर इंजिन बंद झालं, शीड चढलं, आणि मागून जमिनीवरचा हलका वारा आला. आयुष्यात पहिल्यांदा मी बोटीवर दोरी न धरता बसले. मोठमोठी जहाजं गप्प उभी होती. समोर घारापुरी. पाणी ताटात ओतल्यासारखं. इतक्या वर्षांत मी या शहरात राहिले, पण हे शहर पाण्यावरून इतकं सुंदर दिसतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला एकदम रडूच आलं, का ते विचारू नका.

"मेल्विन," भाऊ म्हणाले, "पोहे."

मेल्विन खाली उतरला. आम्ही सगळे त्या दारातून खाली बघत होतो. बराच वेळ काही नाही. मग त्याचं डोकं दिसलं, मग हात, मग ट्रे. चेहरा काकडीसारखा हिरवा. वर येऊन तो दोन पावलं चालला, मग गुडघ्यावर बसला, कठड्यावरून डोकं बाहेर काढलं आणि समुद्राला जे द्यायचं ते दिलं. आणि हे सगळं चाललेलं असताना त्याचा डावा हात मागे, आमच्या बाजूला, सरळ, आणि त्या हातावर ट्रे. एक पोहा सांडला नाही.

भाऊ उभे राहिले. "ट्रे सोडूक नाय हां त्यान!" वहिनींना म्हणाले, "बगलंस? ट्रे सोडूक नाय!" मग त्यांनी स्वतः जाऊन ट्रे घेतला, खिशातलं लिंबू काढून त्याच्या नाकाशी धरलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पाण्यात बगू नको, झिला. लांब बग. लांब." मेल्विन लांब बघायला लागला. मुक्ता सुकाणूवर बसून समोर बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

आम्ही पोहे खाल्ले. खोबरं सढळ होतं. मेल्विनला कुणी आग्रह केला नाही. लग्न जमलं असं कुणी म्हटलं नाही, पण ते जमलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत जमलेलं आणि मी न जमवलेलं ते एकमेव लग्न, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

आणि मग वारा पडला. पहाटेचा वारा संपला होता आणि दुपारचा यायला वेळ होता. शीड ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. बोट जागच्या जागी उभी राहिली. पाण्यात आमची सावली स्पष्ट दिसत होती. ऊन चढायला लागलं. भाऊ मुक्ताच्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी दांड्यावर हात ठेवला. जिथे बोट चालतच नाही तिथे सुकाणू धरून काय करायचं? पण त्यांनी धरलं.

मुक्ता म्हणाली, "बाबा, इंजिन लावू?"

"वायच थांब."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं नाही, दहा नाही, खूप वेळ. हा माणूस मी कधी रिकामा बसलेला बघितला नव्हता. दोरी तरी वळत असायचा, गाठ तरी घट्ट करत असायचा. आज काही करत नव्हता. नुसता लेकीच्या शेजारी बसून होता. किनाऱ्याकडे एकदाही बघत नव्हता.

मेल्विनला जरा बरं वाटायला लागलं होतं. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "अंकल, इंजिन बिघडलंय का?"

मी तोंड उघडलं. चुकीचं काही ऐकलं की दुरुस्त करायची सवय आहे मला. तेवढ्यात वहिनींनी माझा गुडघा दाबला.

मुक्ता म्हणाली, "हो. बिघडलंय. वारा येईपर्यंत बसावं लागेल." आणि ती सरकून बापाच्या अगदी जवळ बसली, अंगाला अंग लावून.

भाऊंनी घसा खाकरला.

"व्हय," ते म्हणाले. "जुना इंजिन. बिघडता मधीच."